डाव्या दाराखालचा दिवा

गाडीला दिवे बसवून आठ दिवस झाले होते, पण गाडीला ते ठाऊकच नव्हतं.

हे वाक्य माझं नाही, नागप्पाचं आहे. निलंग्याच्या बसस्थानकामागे गाड्यांचं वायरिंग करणारा नागप्पा हा मानी माणूस. ट्रॅक्टर असो की उसाचा ट्रक, त्याच्यापुढे आलेलं वाहन दुरुस्त होऊनच परत जातं असा त्याचा लौकिक, आणि तो माझ्या गाडीनं धुळीला मिळवायला घेतला होता. दिवे कंपनीचेच, डबाबंद. दारांच्या आतल्या पट्ट्या काढल्या तर तिथं त्यांच्यासाठी जागा आणि वायरी आधीपासूनच तयार होत्या. दिवा टक् करून बसायचा, लागायचा मात्र नाही. नागप्पानं तीनदा काढून तीनदा बसवला, करंट तपासला, गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी हात पुसत उठला.

"वायर बराबर हाय, दिवा बराबर हाय," तो म्हणाला, "पर आपल्याला दिवे हायती हेच गाडीला ठावं न्हाई, डॉक्टरसाहेब. लातूरला शोरूमात न्या. ते कंप्युटर लावून तिला सांगतेत. माझं काय ती ऐकना."

मी जनावरांचा डॉक्टर. देवणीच्या सरकारी दवाखान्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे न ऐकणारी खोंडं आणि त्यांच्याहून न ऐकणारे त्यांचे मालक मला रोजचेच. पण आपल्याच अंगावरचा दिवा गाडीला ठाऊक नसावा आणि तो तिला कुणी परक्यानं सांगावा लागावा, याची मला गंमत वाटली. माणसाचं तरी याहून वेगळं काय असतं, असाही एक विचार येऊन गेला. रोज एकट्यानं गाडी चालवणाऱ्याला असे विचार फुकटात मिळतात.

दिवे आरतीनं पाठवले होते. आरती माझी एकुलती एक मुलगी, लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. डिसेंबरात संध्याकाळच्या वेळी गाडीतून उतरताना माझा पाय थेट गटारात गेला आणि मी तीन आठवडे लंगडत होतो, तेव्हापासून तिनं हा ध्यास घेतला होता. पुढच्या दोन दारांच्या खालच्या कडेला बसवायचे सुपारीएवढे दोन दिवे. खिशात चावी ठेवून तुम्ही ज्या बाजूनं गाडीजवळ याल त्या बाजूचा दिवा आपोआप लागतो, कुलूप उघडतं, आणि पाय कुठं ठेवायचा ते जमिनीवर दिसतं. गाडी माणसाला ओळखत नाही, चावीला ओळखते.

"पप्पा, मेमध्ये मी सासरी जाणार," आरती म्हणाली होती. "मग तुमच्या पायांकडं कोण बघणार?"

खरं म्हणजे हे बघण्याचं काम अयोध्याचं होतं.

अयोध्या माझी बायको. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, लातूरच्या गंजगोलाईत बांगड्या घ्यायला म्हणून ती गाडीतून उतरली आणि परत आली नाही. अपघात नाही, चिठ्ठी नाही, कुठल्या दवाखान्यात नोंद नाही. तिचा फोन गाडीच्या खणातच राहिला होता. तिच्याजवळ होती फक्त पर्स आणि पर्समध्ये गाडीची दुसरी चावी. गोलाईत आमची एक रीत ठरलेली होती. गाडी लावायची, तिनं तिच्या खरेदीला जायचं, मी औषधांच्या दुकानाकडं, आणि जो आधी मोकळा होईल त्यानं येऊन गाडीत बसायचं. गोलाईला सोळा रस्ते फुटतात. एकमेकांना शोधत ते सगळे पालथे घालण्यापेक्षा हे बरं. त्यासाठीच दोघांकडं एकेक चावी. त्या दिवशी मी आधी मोकळा झालो आणि गाडीत येऊन बसलो. चार ते आठ, चार तास वाट पाहिली. पोलिसांना मी हेच सांगितलं, आरतीला हेच सांगितलं, अयोध्याच्या थोरल्या भावाला, रामकिशनभाऊंनाही हेच.

आता आरतीचं लग्न ठरलं आणि गाडं पत्रिकेवर येऊन अडलं. आईच्या नावाआधी 'सौ.' छापायचं की 'कै.', असं छापखानेवाल्यानं साधेपणानं विचारलं तेव्हा आरती, रामकिशनभाऊ आणि मी, तिघंही त्याच्या टेबलावरचे नमुने चाळत राहिलो होतो. बाहेर आल्यावर रामकिशनभाऊंनी विषय काढला. ते रोखठोक माणूस, पण त्या दिवशी आवाज बारीक होता.

"दाजी, कायदा सात वर्सं म्हनतो. पोरीचं लगीन सात वर्सं थांबत नसतंय. अयोध्याला अशी मधीच लटकत ठिवू नका. विधी करून टाकू. ती बी मोकळी, तुमी बी मोकळे."

हरवलेल्या माणसाचा असा विधी असतो. पळसाच्या पानांचं माणूस करायचं, त्याला तिची साडी नेसवायची आणि रीतसर अग्नी द्यायचा. त्यानंतर ते माणूस गेलेलं धरतात. आरती यावर फक्त एवढंच विचारायची, "आणि आई आली तर?" दोघांचंही मला पटायचं, आणि शब्द मात्र माझाच हवा होता. मी तो आज देतो, उद्या देतो करत होतो.

अशा मनःस्थितीत मी लातूरच्या शोरूमात गेलो. तिथला कारागीर संगप्पा, चाळिशीचा, बोलण्यात उदगीरकडचा हेल. त्यानं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सहज विचारलं, "दोन्ही चाव्या आणल्यात न्हवं सर?"

"एकच आहे."

"मग दुसरी जाईल बघा." त्यानं मान वर केली. "गाडीला नवीन काही शिकवलं की ती सगळं पुन्हा मोजून घेते. जी चावी त्या वेळी गाडीत नसंल ती तिच्या यादीतनं निघते. उद्या सापडली तरी गाडी तिला ओळखायची न्हाई."

त्यासाठी एक फॉर्म होता. दुसरी चावी हरवली आहे, ती रद्द करण्यास माझी हरकत नाही, अशा दोन ओळी आणि खाली सहीची जागा. मी पेन हातात घेऊन उभा राहिलो. राहू द्या, दिवे नकोत, असं अगदी जिभेवर आलं होतं. घरची माणसं दोन महिने माझ्याकडं जे मागत होती तेच हा परका माणूस मागत होता, आणि त्याला नाही म्हणायला माझ्यापाशी सांगण्याजोगं कारण नव्हतं. मी सही केली. वाटलं होतं त्याहून सोपी गेली, आणि त्याचीच मला लाज वाटली.

माझी चावी मधल्या खोबणीत ठेवून आम्ही दोघं आत बसलो, दारं लावून घेतली. पडद्यावर काहीतरी हळूहळू भरत गेलं. संगप्पाच्या कपाळावर आठी आली आणि मग तो हसला.

"काय सर, चेष्टा करायलात का? आणलीय की दुसरी."

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. गाडीत सापडलेल्या चाव्या, दोन.

मी खिसे उलटे केले. खण पाहिला, पायपुसण्या उचलल्या, सीटखाली हात घालून चाचपलं. दुसऱ्या कुठल्या गाडीची चावी आसपास असेल म्हणून संगप्पानं गाडी मागच्या मोकळ्या पटांगणात नेली, दुसऱ्यांदा मोजायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं. दर वेळी दोन. शेवटी त्यानं खांदे उडवले. "कुठंतरी फटीत सरकून बसली असंल. आतच हाय म्हणतंय हे. बरंच झालं की सर, दोन्ही राहिल्या." माझ्या सहीचा फॉर्म घडी करून त्यानं माझ्याच हातात दिला. आता त्याची गरज उरली नव्हती.

दिवे लागले. उजवीकडून गेलं की उजवा, डावीकडून गेलं की डावा. संगप्पानं दोनतीनदा करून दाखवलं आणि तो पुढच्या गाडीकडं गेला.

मला सरळ निलंग्याचा रस्ता धरायचा होता. पण गाडी गोलाईकडं वळली, म्हणजे मीच वळवली. पहिले काही आठवडे शोधाशोध केल्यानंतर मी तिकडं फिरकलोही नव्हतो. त्या दिवशी जिथं गाडी लावली होती, बारदान्याच्या दुकानासमोर, लिंबाच्या झाडाखाली, तिथं नेमकी एका गाडीची जागा मोकळी होती. भरदुपारी गोलाईत अशी जागा मिळणं म्हणजे नवलच. मी गाडी लावली आणि उतरलो. दहा पावलांवर मोठी छत्री रोवून एक बांगडीवाली बसली होती. वय साठीचं, कपाळावर ठसठशीत कुंकू, मागं लाकडी पेट्या. तिचं नाव पंचफुला, हे मला नंतर कळलं. काय विचारावं हे ठरवलंही नव्हतं, तरी विचारून बसलो.

"मावशी, तीन वर्षांमागं इथं एक बाई..."

"पांढऱ्या गाडीवाली का?" तिनं लगेच म्हटलं. "याद हाय की. हिरवी साडी. हातात चावी धरून फिरत होती. यील त्या पांढऱ्या गाडीकडं चावी करायची अन् दाबून बगायची. म्या म्हनलं, बाई, पाय दुखतेल, बसा. ह्ये स्टूल दिलं. चार तास बसली बगा, चारपासून दुकानं मिटूस्तवर. नवरा गाडीत हाय म्हनायची. म्या म्हनलं, येतेल की. जातेत कुठं गाडी घेऊन."

"मग?"

"मंग काय. आठ वाजले, म्या पेट्या उचलल्या अन् गेले. ती बसलेली व्हती."

"हे पोलिसांना नाही सांगितलं कुणाला?"

"मला कोन इचारतंय?" पंचफुला म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन बांगड्या चढवू लागली.

आता खरं काय ते सांगतो. मी चार तास थांबलो नव्हतो. वीस मिनिटं थांबलो होतो.

अयोध्या त्या वर्षी गाडी शिकत होती. रविवारी सकाळी औरादच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही जायचो, आणि तिला ते इतकं आवडायचं की आदल्या रात्रीच ती चपलेऐवजी बूट बाहेर काढून ठेवायची. त्या मंगळवारी निलंग्याहून तिनंच गाडी काढली. औशात चौकात गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवू लागले, तिला ती लवकर सुरू करता येईना. मी तिला उतरवून स्वतः बसलो आणि म्हणालो, "गाडी म्हणजे चूल नव्हे. यापुढं हात लावायचा नाही." चारचौघांत म्हणालो, पानटपरीवरचे दोघं हसले. लातूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. गोलाईत उतरताना फोन खणातच विसरली, किंवा ठेवला. मी माझं काम करून आलो, वीस मिनिटं बसलो, आणि माझंच डोकं फिरलं. मुद्दाम उशीर करते आहे, तर करू दे. गाडी नसली की काय होतं ते एकदा कळू दे. एसटीनं येईल झक मारत. मी साडेपाचला घरी होतो. स्वतःपुरता चहा केला, मजेत प्यालो. सात वाजता पहिली शंका आली. नऊला मी परत लातुरात होतो, आणि रामकिशनभाऊंना फोन करताना चार तास हे शब्द तोंडातून कसे गेले ते मला आजही सांगता येत नाही. एकदा गेले आणि मग तेच खरं करत बसावं लागलं. आकडा मी असाच, डोक्यातून काढला होता. तो तिचा होता हे मला तीन वर्षांनी एका बांगडीवालीनं सांगितलं.

त्यानंतर डाव्या दाराखालचा दिवा लागायला सुरुवात झाली.

पहिल्यांदा देवणीत, दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली. दुपारचे सव्वाचार झाले असतील. एका गाभण गाईच्या मालकाची वाट पाहत मी गाडीत बसलो होतो, आणि डाव्या बाजूच्या आरशात खाली जमिनीवर उजेडाचा एक गोल दिसला. दाट सावली होती म्हणून दिसला, उन्हात कळलाही नसता. आसपास कुणी नव्हतं. चावी माझ्या खिशात होती. वीसेक मिनिटांनी गोल विझला. पुढच्या आठवड्यात तो तीनदा लागला, आणि दर वेळी मी कुणाची तरी वाट पाहत गाडीत बसलेलो असतानाच. उतरून लांब उभं राहून मी पाळत ठेवली, तेव्हा एकदाही लागला नाही. मी शिकलेला माणूस आहे, रोगाचं मूळ शोधणं हा माझा धंदा. नागप्पाकडं गेलो. त्यानं पट्टी उघडून पाहिली आणि परत बसवली.

"दिवा बराबर हाय. चावी जवळ आली की लागायचाच," तो म्हणाला. "आता ठावं झालंय न्हवं तिला."

मी रामकिशनभाऊंना विधीला होकार दिला, तो याच सुमारास. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. अयोध्याला नव्हे, ती जवळ येऊन काय विचारील याला. एकदा अग्नी दिला की ते विचारणं संपेल असं मला वाटलं असावं. भाऊंनी गुरुवार ठरवला. फाल्गुन लागला होता, देवणीच्या रस्त्याला पळस नुसता पेटला होता, पण फुलं आली की त्याला पान राहत नाही. शेवटी भाऊंनी उदगीरच्या एका पत्रावळीवाल्याकडून वाळलेली पानं मोजून आणली आणि ओलं फडकं टाकून माझ्या ओसरीवर ठेवली. आरती सुट्टी घेऊन आली होती. तिनं कपाटातून आईची एक जांभळी साडी काढून पाटावर ठेवली आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या आईचंच वळण. बोलायचं नाही म्हटल्यावर घरातली भांडीसुद्धा न वाजवता ठेवायची.

बुधवारी दुपारी, विधीचं राहिलेलं सामान आणतो म्हणून मी निघालो. सामानाची यादी ओसरीवरच राहिली होती, आणि ते मला ठाऊक होतं. मला गोलाईत जाऊन चार तास बसायचं होतं. आठ वाजेपर्यंत, दुकानं मिटेपर्यंत. एकदा तरी ते खरं करायचं होतं. उद्या तिला अग्नी द्यायचा तर आज एवढं तरी करावं, असं मनानं घेतलं होतं.

लिंबाखालची जागा मोकळीच होती. पावणेचार वाजले होते. मी फोन बंद करून खणात टाकला, कुणी मधेच बोलावू नये म्हणून. ऊन कडक होतं, इंजिन चालू ठेवून एसी लावला आणि बसून राहिलो. हमाल पोती वाहत होते, एका रिक्षावाल्याचं कुणाशी भांडण चाललं होतं, पंचफुलाच्या छत्रीखाली तीन बाया हात पुढं करून बसल्या होत्या. मी आरशात बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. डाव्या दाराखाली, गाडीच्या सावलीत, उजेडाचा गोल होता.

मग कुलूप टक् करून उघडलं. दार उघडलं नाही. मी समोर बघत राहिलो. आणि थोड्याच वेळात गाडीत टिंग टिंग असा आवाज सुरू झाला. शेजारच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावला नाही की गाडी असा आवाज करते. स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या मधे पट्टा बांधलेल्या माणसाचं तांबडं चित्र लुकलुकत होतं. मी मान वळवली. सीट रिकामी होती, तिच्यावरच्या कापडाला सुरकुतीही नव्हती. आवाज थांबेना. अयोध्या कधीच आपणहून पट्टा लावायची नाही, मीच वाकून लावायचो आणि त्यावरून तिला चिडवायचो. मी वाकलो, पट्टा ओढला, मधल्या जागेला हात लागणार नाही असा बेतानं अलीकडं आणला आणि खटक्यात बसवला.

आवाज थांबला. इतकं शांत झालं की एसीचा वारा ऐकू येऊ लागला.

"मी थांबलो नव्हतो," मी म्हणालो. "वीस मिनिटांत गेलो. सगळ्यांना खोटं सांगितलं. औशात तुला तसं बोलायला नको होतं. तू नीट शिकत होतीस." एवढं बोलून मला रडू आलं. तीन वर्षांत आलं नव्हतं ते आलं, आणि मी ते येऊ दिलं. "उद्याचं मी रद्द करतो. भाऊंना खरं काय ते सांगतो. पत्रिकेत 'सौ.' छापायचं." रुसलेलं माणूस ऐकतं आहे की नाही हे चोवीस वर्षांच्या संसारानंतर न बघताही कळतं. ती ऐकत होती.

मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात बांगड्यांची आठवण झाली. ती बांगड्यांसाठीच आली होती. दहा पावलांवर पंचफुला बसलेली, आता छत्रीखाली कुणी नव्हतं. "आलोच," मी म्हणालो. एसी चालूच ठेवला, तिला उन्हाचा त्रास व्हायचा. चावी खिशात होती.

"एक डझन हिरव्या द्या, मावशी."

"माप?"

मला माप ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या हाताचं वाढलेलं जेवलो आणि माप ठाऊक नव्हतं. मी नुसता बोटांचा एक गोल करून दाखवला. पंचफुला हसली. "राहू द्या. म्याच भरल्या व्हत्या तिला त्या दिशी. सव्वादोन." तिनं एकेक बांगडी टिचकी मारून पाहिली, मोजून कागदात गुंडाळली, दोरा बांधला. मी पैसे दिले, पुडा घेतला आणि वळलो.

लिंबाखाली गाडी नव्हती.

क्षणभर मला वाटलं, मी चुकीच्या बाजूला बघतो आहे. पण बारदान्याचं दुकान तेच होतं, झाड तेच होतं. गाडी उभी होती तिथं एसीच्या पाण्याची हातभर ओल पडली होती आणि ती माझ्यासमोर कडेनं वाळत चालली होती. दुकानदाराला विचारलं. त्यानं गाडी येताना पाहिली नव्हती आणि जातानाही. मी पहिल्या रस्त्यावर गेलो, मग दुसऱ्या. गोलाईत पांढऱ्या गाड्या किती असतात याचा मी कधी विचार केला नव्हता. प्रत्येक पांढऱ्या गाडीजवळ जाऊन मी खिशातली चावी बाहेर काढली, तिच्याकडं धरली आणि दाबली, आणि खाली वाकून दाराखाली बघितलं. एकदोघं थांबून बघायला लागले. सोळाही रस्ते झाले. फोन खणात होता. आरतीचा नंबर पाठ नव्हता, आता कुणाचाच कुणाला पाठ नसतो. घड्याळात बघितलं तर चार वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि एवढ्या वेळात सोळा रस्ते कसे झाले हे माझ्या ध्यानात येईना.

मी परत लिंबाखाली आलो. ओल वाळून गेली होती. माझ्या एका हातात पुडा होता आणि दुसऱ्यात चावी. पंचफुलानं माझ्याकडं एकवार पाहिलं. पेटी जरा सरकवून तिनं छत्रीच्या सावलीत जागा केली आणि मागचं स्टूल पुढं ओढलं.

"पाय दुखतेल, बसा," ती म्हणाली.

मी बसलो. समोरून एक पांढरी गाडी आली, तिच्याकडं मी चावी धरली, ती निघून गेली. पंचफुला फडक्यानं बांगड्या पुसत होती.

"यील की," ती म्हणाली. "जाती कुठं गाडी घेऊन."